मदत हवी आहे: पायथॉनमध्ये दर ३० सेकंदांनी फंक्शन चालवायचंय, पण वेळ सरकत जाते

नमस्कार. धायरीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायला रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर बसवलाय. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेतच येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. अशात टाकी भरून पाणी वाहून जाताना बघवत नाही. म्हणून दर ३० सेकंदांनी पातळी मोजून सर्व्हरवर पाठवायची आहे.

सध्या एक व्हाईल लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड) आहे: फंक्शन चालवायचं, मग टाइम डॉट स्लीप ३०, म्हणजे ३० सेकंद थांबायचं. पाणी हलत असतं, म्हणून फंक्शन लागोपाठ बरीच रीडिंग घेऊन मधली किंमत निवडतं. पाठवण्यासकट साधारण २ सेकंद जातात, म्हणजे फेरी ३२ सेकंदांची. तासाला १२० नोंदी हव्यात, पडतात ११२. नेट रखडलं की मोजणीच थांबते.

थ्रेडिंगमधला (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या मॉड्यूलमधला) टायमर वापरून पाहिला. फंक्शन सुरू होताच पुढचा टायमर लावतं. वेळ सुधारली, पण नेट अडकलं की आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते, दोन्ही एकाच वेळी सेन्सर वाचतात आणि भरलेली टाकी रिकामी दिसते. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्समधली सोय) मिनिटाच्या खाली जात नाही.

मोजणी ठरल्या वेळी व्हावी, फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत आणि नेट गेलं तरी काम चालू राहावं, यासाठी रचना कशी करू? पुढे याच प्रोग्रामने पंपही बंद करायचा विचार आहे.

प्रतिसाद:
किती वेळ झोपायचं ते ठरवू नका, पुढची फेरी कधी ते ठरवा. सुरुवातीची वेळ धरून त्यात ३०, ६०, ९० असे मिळवत जा आणि पुढच्या वेळेला जेवढे सेकंद उरलेत तेवढंच स्लीप द्या. फेरीला २ सेकंद लागले तर २८ उरतील. ती वेळ उलटून गेली असेल तर ती फेरी सोडून पुढची धरा. सगळं एकाच लूपमध्ये चालत असल्याने फेऱ्या एकमेकींवर चढणारच नाहीत.

हिशेब टाइम डॉट मोनोटॉनिकवर करा, टाइम डॉट टाइमवर नको; घड्याळाची वेळ बदलली तरी मोनोटॉनिकची मोजणी बिघडत नाही. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइट जाऊन आली की तो नेटवरून वेळ घेतो आणि घड्याळ मध्येच उडी मारतं.

पाठवणं वेगळ्या थ्रेडमध्ये न्या, मध्ये क्यू (पाठवायच्या नोंदींची रांग) ठेवा. पाठवायला पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) स्वतः द्यावा लागतो, नाहीतर उत्तर येईपर्यंत ती वाट बघत बसते. तुमची मोजणी बहुतेक तिथेच अडकतेय.

पंप मात्र फक्त प्रोग्रामवर सोडू नका. टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळी वर आली की पंप बंद करणारा स्विच) बसवाच. रास्पबेरी पाय हँग झाला तरी पंप बंद व्हायला हवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. टाइमआउट खरंच दिलेला नव्हता. फ्लोट स्विचचं कमिटीपुढे मांडतो. नेट बराच वेळ नसेल तर क्यू वाढत जाईल, त्याचं काय?

प्रतिसाद:
प्रत्येक नोंद आधी एसक्यूलाइटमध्ये (फाइलमध्ये साठणारा छोटा डेटाबेस) लिहा, पाठवणाऱ्या थ्रेडने तिथून उचलावी आणि सर्व्हरने होकार दिल्यावरच ‘पाठवली’ अशी खूण करावी. मग मेमरीतला क्यू लागणारच नाही, आणि लाइट गेली तरी लिहिलेल्या नोंदी राहतील.