मदत हवी आहे: रेडिंगमधलं घर, पुण्यातला फ्लॅट आणि गप्प बसलेला सॉलिसिटर

धागाकर्ता: रेडिंगवासी

नमस्कार मंडळी. इंग्लंडात रेडिंगला घर घेतोय. दोन बेडरूमचं टेरेस, फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकी), किंमत ३ लाख ४० हजार पौंड. ऑफर मान्य होऊन दहा आठवडे झाले. सॉलिसिटर (खरेदीचे कागद बघणारा वकील) एजंटनेच सुचवलेला. सर्चेस (घराबद्दलच्या सरकारी चौकशा) आल्या, मॉर्गेज ऑफर आली, सर्व्हेत थोडी ओल निघाली तीही पचवली. मग तीन आठवडे शुकशुकाट. फोन केला की एकच उत्तर, "फाइल बघून कळवतील." सोमवारी अखेर मेल आली. त्यात दोन प्रश्न.

पहिला: आईबाबा २५ लाख रुपये देणार आहेत, ते मुळात आले कुठून? बाबांनी गेल्या वर्षी वाईजवळचा एनए प्लॉट विकला, त्यातले आहेत. बाबांचं स्टेटमेंट पाठवलं तर म्हणे, ही मोठी रक्कम कशाची? इंडेक्स टू (विक्रीच्या नोंदणीचा उतारा) पाठवला तर म्हणे, ही भाषा कुठली?

दुसरा: जगात कुठेही तुमच्या नावे घर आहे का? इथे माझी बोबडी वळली. २०१४ साली बाबांनी सिंहगड रोडला वन बीएचके घेतला, तेव्हा माझंही नाव घातलं. मी कॉलेजात होतो. त्यात माझा रुपया नाही, एक रात्र तिथे राहिलो नाही, भाडं बाबा घेतात. सुरुवातीच्या फॉर्मवर मी 'फर्स्ट टाइम बायर'ला टिक केली. मुद्दाम नाही हो, फ्लॅट डोक्यातच नव्हता.

एजंट म्हणतो, महिनाअखेर एक्स्चेंज (दोन्हीकडून करार पक्का होणं) झालं नाही तर विकणारे घर परत बाजारात लावतील. बायको म्हणते, आहे ते सांगून टाक. मित्र म्हणतो, पुण्यातला फ्लॅट इथे कुणाला दिसतोय? काय करू? सॉलिसिटर बदलू का?

चहाबाज

मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा.

स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न सॉलिसिटर भरत असला तरी जातं तुमच्या नावाने. खोटं निघालं तर कर, व्याज, दंड सगळं तुमच्या गळ्यात. शिवाय तो तुमच्याबरोबर बँकेचंही काम बघत असतो, त्यामुळे गोष्ट बँकेपर्यंत जाणारच. तुम्ही आधी सांगितलेली बरी.

आता आकडे. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी तुमच्या घरावर फर्स्ट टाइम बायरला २ हजार पौंड. एरवी ७ हजार. आणि दुसरं घर धरलं तर वर ५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण २४ हजार. दुसरं घर इंग्लंडातच असायला हवं असं नाही, जगात कुठेही चालतं. लग्न झालेलं असेल तर बायकोच्या नावावरचंही मोजतात.

रेडिंगवासी

२४ हजार?? डिपॉझिटच ३४ हजार आहे. बायकोच्या नावावर काही नाही. बाबांना माझा हिस्सा बक्षीसपत्राने परत दिला तर?

ओव्हनमधली पुरणपोळी

थांबा, घाबरू नका. आम्ही यातून गेलोय, फक्त फ्लॅट ठाण्याचा होता.

अधिभारासाठी दुसऱ्या घरातला तुमचा वाटा बघतात आणि तो ४० हजार पौंडांच्या खाली असेल तर ते घर धरत नाहीत. तुमचा निम्मा वाटा किती लाखांचा होतो? वन बीएचके ६० लाखांचा असेल तर तुमचे ३० लाख, म्हणजे ४० हजार पौंडांच्या बरंच खाली. पण अंदाज चालत नाही. पुण्याच्या सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, कम्प्लीशनच्या (घर ताब्यात येण्याच्या) जवळच्या तारखेचा. आणि करारात वाटे लिहिलेत का ते बघा. नुसती दोन नावं असतील तर सहसा निम्मं-निम्मं धरतात.

फर्स्ट टाइम बायरची सवलत मात्र गेली, ती धरून बसू नका. तिथे ४० हजारांची रेघ नाही. आधी कधीही घराचा मालकी हिस्सा होता, विषय संपला. त्यामुळे आता परत देऊनही ती मिळणार नाही. बक्षीसपत्राचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०० रुपयांत होतं ते नवरा-बायको, मुलं, नातवंडांना देताना. मुलाने वडिलांना देताना नाही, असं आमच्या वकिलाने सांगितलं होतं. वर इथून मुखत्यारपत्र पाठवायचं, महिनाअखेरपर्यंत होणं कठीण.

एक विचारते, लाइफटाइम आयसा (घरासाठीचं सरकारी बोनसवालं बचत खातं) काढलाय का? असेल तर त्यातले पैसे घरासाठी काढू नका, त्यालाही फर्स्ट टाइम बायर लागतं, नाहीतर २५ टक्के कापतात.

रेडिंगवासी

आयसा नाही, सुटलो. ताई, तुमचे फार उपकार. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तुझं भलं व्हावं म्हणून नाव घातलं होतं रे." आता काय बोलणार.

चहाबाज

४० हजारांचं माझ्या लक्षात नव्हतं, ताईंचं बरोबर. मात्र हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या. सुरुवातीला सही केलेलं पत्र काढून वाचा, बऱ्याच फर्म्स त्यात कर सल्ला देत नाही असं लिहून मोकळ्या होतात. तसं असेल तर तेवढ्या प्रश्नासाठी टॅक्सवाल्याला पैसे द्या.

आणि सॉलिसिटर बदलू नका. नवा माणूस पुन्हा ओळखपत्रांपासून सुरू करेल. ढिलाईची तक्रार असेल तर आधी फर्मलाच लेखी करायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बुड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी यंत्रणा). पण यावेळी, राग मानू नका, अडलंय ते तुमच्या कागदांवर.

सातारी कंदी

पैशांबद्दल. इंडेक्स टूचा अनुवाद सही-शिक्क्याचा लागतो. मी स्वतः केलेला परत आला होता, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांत माझाच गोंधळ झाला होता म्हणा! सोबत प्लॉटचे पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंट, आईबाबांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सहीचं पत्र: ही भेट आहे, कर्ज नाही, घरात आमचा हक्क नाही. भेटीचं बँकेलाही कळवा.

आणि बाबांनी एकट्याने २५ लाख पाठवले तर एका आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच बँक गोळा करते तो कर), म्हणजे ३ लाख अडकतील. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण पाठवताना हातात हवेत. आईच्या स्वतःच्या एफडी असतील तर तिने वेगळे पाठवावेत, तिची १० लाखांची मर्यादा वेगळी. मात्र मग त्या एफडींचेही कागद लागतील.

जाता जाता: सॉलिसिटरचा खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर एक पेनीही पाठवू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमधल्या नव्हे.

रेडिंगवासी (बारा दिवसांनी)

सगळं लिहून पाठवलं, टिक चुकून केली होती हेही. वाटलं होतं तासतील, पण त्याच दिवशी उत्तर आलं. तीन आठवड्यांत जे झालं नाही ते! व्हॅल्युअरने फ्लॅट ५८ लाखांचा धरला. करारात वाटे लिहिलेले नाहीत, म्हणजे माझे २९. स्टॅम्प ड्यूटी ७ हजार, तसं लेखी आलंय. बँकेने दोन दिवस घेतले आणि ऑफर कायम ठेवली. आईने १० लाख तिच्या एफडीतून पाठवले, बाबांनी १०. उरलेले ५ आम्ही कारच्या पैशांतून घातले, कार पुढच्या वर्षी.

एक्स्चेंज येत्या गुरुवारी. शेवटचा प्रश्न: घराचा विमा चाव्या मिळाल्यावर घ्यायचा ना?

ओव्हनमधली पुरणपोळी

नाही नाही, एक्स्चेंजच्या दिवसापासून! फ्रीहोल्ड आहे ना तुमचं? मग त्या दिवसापासून छप्पर उडालं तरी घर घ्यावंच लागतं. आजच कोट काढा.