कुर्दी कादंबरी, भाषा आणि इच्छा: लाकाँ इथे कितपत चालतो?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला निबंध आहे, विषय मीच मागून घेतलाय, कुर्दी कादंबरीतली भाषा आणि इच्छा, मनोविश्लेषणाच्या अंगाने. इराकी कुर्दी लेखक बख्तियार अलीची 'जगातलं शेवटचं डाळिंब' इंग्रजीतून वाचली आणि त्यातच गुंतून पडले. आता त्यावरचं आणि एकूण कुर्दी साहित्यावरचं लिखाण वाचायला घेतलं तर जिकडे तिकडे एकच सूत्र फिरतंय. मातृभाषा म्हणजे हरवलेली आई, सरकारी भाषा म्हणजे मधे येणारा बाप, आणि कादंबरी म्हणजे आईकडे परत जायची ओढ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारी वाटलं, पण नंतर लक्षात आलं की हे कुठल्याही पुस्तकाला लावता येतं, पुस्तक न वाचता सुद्धा. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ म्हणतो इच्छा ही नेहमी दुसऱ्याची इच्छा असते, आणि ती भाषेतूनच येते, हे समजलं. पण जिथे भाषाच बंदीत होती तिथे हे नेमकं कसं वाचायचं? कुणी या वाटेने गेलं असेल तर जरा हात द्या.

दिगंत_वाचक

विषय सुंदर घेतलायस. तुला ते सूत्र खटकतंय ते योग्यच आहे, कारण ते मुळातच चुकीच्या जागी उभं आहे. सरकारी भाषा म्हणजे बाप असं म्हणताना लोक विसरतात की घरातला खरा बापही कुर्दीच बोलतो. तुर्कस्तानातल्या गावातलं पोर बघतं की दारात जेंडार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस, आला की बापाची बोलती बंद होते, दवाखान्यात आईच्या बोलण्याला किंमत नाही, म्हणजे आई आणि बाप दोघंही एकाच बाजूला, आणि कायदा तिसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून बोलतोय. लाकाँचं 'बापाचं नाव' म्हणजे हाडामांसाचा बाप नव्हे, कायद्याची जागा, हे मान्य, पण ती जागा इथे घरातल्या बापाच्या हातात कधी आलेलीच नसते. त्या पोराच्या मनात मग दोन गोष्टी एकदमच तयार होतात, एक म्हणजे आई-बापाची लाज आणि दुसरी म्हणजे ज्या भाषेने बापाला गप्प केलं तीच भाषा आपल्याला फर्डी यावी ही हाव. मला विचारशील तर इच्छेची चर्चा इथून सुरू कर, आईच्या मांडीवरून नको.

आणि हे नुसतं रूपक नाही. १९३४ चा आडनावांचा कायदा बघ, सगळ्यांना तुर्की आडनाव घ्यायला लावलं, आणि कितीतरी कुर्दी घरांच्या वाट्याला 'अस्सल तुर्क' अशा अर्थाचं आडनाव आलं. बापाचं नाव अक्षरशः सरकारी रजिस्टरातून आलं. क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत म्हणून पोरांची कुर्दी नावं नोंदवून घेत नव्हते. आणि शाळेतली शपथ तर तू निबंधात घ्यायलाच हवीस. १९३३ ते २०१३, प्राथमिक शाळेत रोज सकाळी रांगेत उभं राहून म्हणायचं, "मी तुर्क आहे, मी प्रामाणिक आहे, मी कष्टाळू आहे." आता विचार कर, सहा-सात वर्षांचं पोर, तुर्कीचा एक शब्द येत नाही, आणि त्या भाषेत ते आयुष्यात पहिल्यांदा जो 'मी' उच्चारतं तो असा. वाक्यातला मी वेगळा, वाक्य बोलणारा मी वेगळा, हे लाकाँला सेमिनारमधे किती खटपट करून समजवावं लागतं, इथे ते रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळेला घडत होतं. मेहमेद उझुनसारखे कुर्दी कादंबरीकार याच शाळांतून पुढे आलेत.

पानगळ

दिगंत यांचा मुद्दा पटला, पण तो तुर्कस्तानापुरता ठेवा हो. 'कुर्दी कादंबरी' असं एका दमात म्हणायची जी सवय आहे ना, तिथेच गडबड होते. इराकमधे १९३१ पासून कुर्दीला काही भागात कायदेशीर जागा होती, शाळेत शिकवली जायची, सोरानीत, म्हणजे तिकडच्या कुर्दी बोलीत, नियतकालिकं निघत होती. छळ तिथेही भयानक झाला, १९८८ चं अनफाल, सद्दामची कुर्दांच्या संहाराची मोहीम, डोळ्यासमोर आणा, पण त्या छळाचं स्वरूप 'तुझी भाषा अस्तित्वातच नाही' असं नव्हतं. त्यामुळे इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया, हवलेर (एर्बिल) या शहरांकडच्या लेखकांची जखम भाषेची कमी आणि बापाची जास्त. आणि बाप परका नाही, आपलाच.

याच्यासाठी शेरझाद हसनची छोटी कादंबरी घ्या, 'तटबंदी आणि माझ्या बापाचे कुत्रे'. उंच भिंतींच्या आत एक बाप, त्याच्या बायका, ढीगभर मुलं-मुली, पहाऱ्याला कुत्रे. सगळ्या बायका त्याच्या, बाकी कुणी प्रेम करायचं नाही, मुलींनी तर नाहीच नाही. शेवटी एक मुलगा त्याला मारतो. फ्रॉइडच्या १९१३ च्या 'टोटेम आणि टॅबू' मधली आदिम टोळीच समोर ठेवल्यासारखं आहे, इतकं की आळशी वाचक तिथेच थांबेल. तुम्ही थांबू नका, कारण खरी गंमत पुढे आहे. फ्रॉइडकडे बापाला मारल्यावर भाऊ एकत्र येतात, अपराधाच्या भावनेतून आपसात नियम करतात, मेलेला बाप जिवंत बापापेक्षा बलवान होतो पण निदान त्यातून समाज तयार होतो. शेरझाद हसनकडे तसला करारच होत नाही. सुटलेली भावंडं मारणाऱ्यालाच शिव्याशाप देतात, त्यांना बाप परत हवा असतो, भिंत नसेल तर जायचं कुठे हेच कळत नाही. इच्छा इतकी वर्षं भिंतीला टेकून उभी होती की भिंत पडल्यावर इच्छाच आडवी झाली. आता हे १९९१ च्या उठावानंतरच्या इराकी कुर्दिस्तानात ठेवून वाचा, जिथे सद्दामचं सैन्य मागे हटलं, १९९२ मधे निवडणूक झाली आणि १९९४ पासून आपल्याच दोन पक्षांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या. माझ्या मते कुर्दी गद्यात मनोविश्लेषणाला याहून चांगली जागा नाही.

शब्दवेडी

बापरे, दोघांचेही खूप आभार, आडनावांचं तर मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे उत्तरेकडे, तुर्कस्तानात, कायदा परक्या भाषेत येतो आणि दक्षिणेकडे, इराकमधे, तो आपल्याच भाषेत, आपल्याच माणसाच्या तोंडून येतो, असं धरून चालू का? पण मग प्रेमाचं काय? या कादंबऱ्यांत प्रेमकथा भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळ्या अपुऱ्या राहणाऱ्या. ती अपुरी राहणं हेच इच्छेचं रूप आहे असं म्हणायचं, की राजकारणाने त्यांना भेटू दिलं नाही इतकं साधं आहे ते?

मध्यरात्र

प्रेमाचं म्हणाल तर मागे कवी अहमदी खानीपर्यंत जावं लागेल, त्याचं प्रेमकाव्य 'मेम ऊ झीन', सतराव्या शतकाचा शेवट. मेम तुरुंगात मरतो, झीन त्याच्या थडग्यावर, आणि दोघांच्या मधे आड येणारा बेको मेल्यावरही काटेरी झुडूप होऊन मधे उगवतो. खानीने हे कुर्दीत लिहिलं ते सांगूनसवरून, कुर्दांना ज्ञान नाही, प्रेम कळत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून. म्हणजे प्रेमकथा सुरुवातीपासूनच दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेसमोर मांडलेली आहे, फारसी-अरबीवाल्यांच्या. 'इच्छा ही दुसऱ्याची इच्छा' याचं इतकं उघड उदाहरण शोधून सापडणार नाही.

उझुनची 'सिया एविने' (१९८९) हीच वाट पुढे नेते. नायक मेमदुह सलीम, खरा होऊन गेलेला माणूस, परागंदा कुर्दी बुद्धिवंत, फेरिहावर जीव आहे आणि तिला सोडून अरारातच्या उठावात जातो. उठाव १९३० मधे चिरडला, बाईही गेली. आता तुमचा प्रश्न, हे राजकारणाने घडलं की इच्छेचा स्वभावच तसा? मला वाटतं उझुन इथे फार प्रामाणिक आहे, तो नायकाला निवड करायला लावतो. कुणी फरपटत नेलेलं नाही. 'कार्य' हे इथे आतून बोलणाऱ्या कठोर आवाजासारखं काम करतं, फ्रॉइडचा सुपरइगो म्हणा, जो सुख जवळ आलं की हमखास हाक मारतो.

मात्र एक तक्रार आहे आणि ती मी मोकळेपणाने करणार, कारण या धाग्यातही तेच चाललंय. बाप, मुलगा, बाप, मुलगा! बाईला काय हवंय? फेरिहा वाट बघते, झीन थडग्यावर मरते, बख्तियार अलीच्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या दोन बहिणी लग्न करायचं नाही अशी शपथ घेतात आणि काचेच्या काळजाचा पोरगा त्यातल्या एकीपायी जीव टाकतो. समीक्षक त्यांना लगेच मातृभूमी करून टाकतात. अहो, एकदा तरी ती शपथ ही तिची स्वतःची इच्छा म्हणून वाचून बघा की. नाही म्हणणं हीसुद्धा इच्छाच असते, आणि त्या दोघी एकत्र गातात, एकटीने गायचं नाही असं ठरवून, यात केवढं तरी सापडेल. शब्दवेडी, तुमचा निबंध मी लिहीत असते तर याच दोघींवर लिहिला असता.

गाण्यावरून आठवलं, आवाज सोडू नका. लाकाँच्या यादीत आवाज आणि नजर ही इच्छेची खास वस्तू आहे. १९५५ पासून आर्मेनियातल्या येरेवान रेडिओवर कुर्दी कार्यक्रम लागायचा, आणि सीमेच्या अलीकडे तुर्कस्तानात लोक दारं लावून, आवाज बारीक करून देंगबेज, म्हणजे कथागीतं गाणाऱ्या कुर्दी गायकांचे सूर ऐकायचे. माणूस दिसत नाही, पलीकडे जाता येत नाही, फक्त आवाज येतो आणि बंद होतो. उझुनने एवदाले झैनिके या देंगबेजवर अख्खी कादंबरी लिहिलीय ती उगाच नाही.

अक्षरओळ

चर्चा मस्त. मी फक्त पद्धतीबद्दल बोलतो. इंग्रजी अनुवादावरून मनोविश्लेषण करताना मर्यादा आधीच आखून घ्या. कथानकात इच्छा कशी फिरते, काय पुन्हा पुन्हा येतं, कोण कुणाला नाव देतं, हे अनुवादातून नीट दिसतं. शब्दांचे खेळ, जीभ घसरणं, लय, यातलं जवळपास काहीच येत नाही, तेव्हा 'लेखकाची भाषा अशी अडखळते' वगैरे विधानं करू नका, ती अडखळ अनुवादकाची असू शकते.

दुसरं म्हणजे व्याकरणाचा मोह टाळा. कुर्मांजीत, म्हणजे तुर्कस्तानकडच्या कुर्दी बोलीत, भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याच्या मागे न जाता कर्माच्या मागे जातं, आणि यावरून 'कुर्दी माणसाचा कर्ता हरवलेला आहे' छापाचं कुणीही लिहून मोकळं होईल. 'मी नदी पाहिली' मधे आपलंही क्रियापद नदीच्याच मागे जातं, म्हणून आपला कर्ता कुठे हरवला नाही.

शब्दवेडी

हे बरं झालं सांगितलंत, तो परिच्छेद लिहायच्या बेतातच होते. मग असं करते, उझुन बाजूला ठेवते, दक्षिणेकडचीच दोन पुस्तकं घेते, शेरझाद हसन आणि बख्तियार अली. पण पानगळ, या दोघांत बाप एकमेकांच्या अगदी उलटे आहेत ना? एक भिंती बांधणारा आणि दुसरा २१ वर्षं वाळवंटातल्या तुरुंगात पडून मुलाला शोधत येणारा. एकाच निबंधात कसे बसवू?

पानगळ

उलटे आहेत म्हणूनच बसतील. बख्तियार अलीकडे भिंती बांधणारा बाप आहेच की, याकूब! जुना मित्र, आता पुढारी. तुरुंगातला तो बाप, मुझफ्फर, सुटून येतो तर याकूब त्याला वाड्यात ठेवतो आणि बाहेर साथ आलीय म्हणून खोटं सांगतो. तटबंदी तीच, फक्त या वेळी ती भीतीच्या गोष्टीची आहे. मुझफ्फर बाहेर पडतो तो मुलाच्या शोधात, आणि सर्यास नावाचा एक नाही तर तीन मुलगे निघतात, तिघांकडे काचेचं डाळिंब, त्यातला आपला रक्ताचा कोण याचं उत्तर त्याच्या लेखी हळूहळू बिनमहत्त्वाचं होत जातं. शेरझाद हसनकडे एका बापाची सगळी मुलं त्याची मालमत्ता, इथे एक माणूस तिन्ही मुलांचा बाप व्हायला निघतो, कुणावरही हक्क न सांगता. तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे यायचं तर 'सर्यास' हे नाव तिघांत फिरतं आणि त्या नावामागे मुझफ्फरची इच्छा फिरते, हे सगळं तो होडीत बसून, समुद्रात भरकटलेल्या निर्वासितांना सांगतोय. निबंधाची पहिली ओळ त्या होडीपासून सुरू करा, ऐकणारे कोण आहेत ते आधी सांगा, आणि मध्यरात्र यांनी म्हटलेल्या दोन बहिणींना निदान तीन पानं द्या.