मनात रुतून बसलेली एक ओळ: तुमची कुठली?

नमस्कार मंडळी. आवडतं गाणं विचारत नाही, फक्त एक ओळ सांगा आणि ती कुठं भेटली तेही सांगा. सुरुवात मी करतो. 'ऐरणीच्या देवा तुला ठिणगी ठिणगी वाहू दे'. भालजींचा १९६५ चा 'साधी माणसं', आवाज लताबाईंचा आणि चालही त्यांचीच, आनंदघन नावानं दिलेली. आबा शिरोलीला फाउंड्रीत होते, त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना मोहरीएवढी भोकं असायची, आईनं शर्ट वाळत घातला की त्यातनं ऊन दिसायचं. मला वाटायचं शर्ट जुना झालाय. एकदा डबा द्यायला गेलो तर ओतकाम चालू होतं, लोखंडाचा रस साच्यात पडताना ठिणग्या उडून आबांच्या हातावर येत होत्या आणि ते जाग्यावरनं हलत नव्हते. तेव्हा 'वाहू दे' कळलं. देवाला फूल वाहतात तसं.

*

आमच्या घरची ओळ खेबूडकरांची, 'उघड दार देवा आता उघड दार देवा'. लिहिणारे कोल्हापूरचे मास्तर, गाणारे बाबूजी म्हणजे सुधीर फडके, ते पण जन्मानं कोल्हापूरचेच, म्हणून जरा जास्तच जीव. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतलं घर पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर आलो तर सागवानी दार फुगून चौकटीत गच्च बसलेलं. पप्पांनी दोनदा खांदा लावला, तिसऱ्यांदा नुसतं कपाळ टेकवून उभे राहिले आणि हळूच ही ओळ म्हणाले, गायले नाहीत हं, म्हणाले. मग शेजारच्या काकांनी पहार आणली. आत देवघराच्या वरपर्यंत चिखलाची रेघ. अजून रेडिओवर हे गाणं लागलं की आई आवाज वाढवते आणि पप्पा उठून गॅलरीत जातात.

*

मी मूळची जळगावची, नोकरीमुळं कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन राहते. बहिणाबाईंचं 'आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर' शाळेत पाठ केलेलं, पण इथं पहिल्यांदा एकटीनं भाकरी थापली, तव्यावर टाकताना बोटं भाजली, भाकरीचे दोन तुकडे झाले आणि ती ओळ एकदम आईच्या आवाजात ऐकू आली, लई रडले त्या दिवशी. खालच्या काकूंनी मग पीठ कढत पाण्यात मळायला शिकवलं, आता चिरत नाही.

*

वरचं सगळं वाचून लिहायला बसलो. 'दोन ओंडक्यांची होते सागरात भेट, एक लाट तोडी दोघां पुन्हा नाही गाठ', गदिमांचं गीतरामायण. आजोबा आणि त्यांचे एक दोस्त रोज पहाटे रंकाळ्याला फिरायला जायचे, कितीतरी वर्षं. दोस्त गेले त्या दिवशी आजोबा कुणाशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच निघाले, काळजीनं मी मागनं गेलो. तळ्यातल्या संध्यामठाकडं तोंड करून कट्ट्यावर बसले, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी जाऊन उभा राहिलो तसं ही ओळ म्हणाले, अर्धीच, लाटेपर्यंत. मग म्हणाले, 'चल, गारठा सुटलाय.'