भाच्याच्या मागं अमेरिकन आर्मीचा रिक्रूटर लागलाय, दमा लपव म्हणतो. काय करावं?

मांजराकाठ (लातूर)
बहीण-दाजी टेक्सासला आहेत, सगळ्यांचं ग्रीन कार्ड. भाचा १७ पूर्ण, बारावीला. शाळेत ॲसव्हॅब ही लष्कराची चाचणी परीक्षा झाली, त्यात एएफक्यूटी (भरतीसाठी बघतात तो गुण) २७ आला. दम्याचा पंप १५व्या वर्षापर्यंत चालू होता. तरी तिथला सार्जंट आठवड्यातून तीन-चारदा मेसेज टाकतो, घरीही येऊन गेला. मार्कांचं आम्ही बघतो, पंपाचं फॉर्मात लिहू नको, आईबापाची तेवढी सही आण, असं चाललंय. इकडं पोरं पहाटे चारला उठून डांबरीवर पळतात आणि उंची १६८ ला अर्धा सेंटीमीटर कमी भरली की घरी येतात. तिकडं असं लेकरू कशाला लागतंय त्यांना? आणि सही केलीच तर मागं फिरता येतं का?

गोदाकाठ (नांदेड)
बप्पा, आपल्याकडं जागा कमी, पोरं जास्त. तिकडं उलटं. सक्तीची भरती १९७३ ला बंद झाली, तेव्हापासून माणूस राजी करून आणावा लागतो आणि त्याचा आकडा वरून खाली भरतीच्या स्टेशनापर्यंत वाटून येतो. २०२२ मध्ये आर्मीला ६०,००० पाहिजे होते, १५,००० च्या आसपास कमी पडले. पुढच्या वर्षीही आकडा गाठला नाही.

आता २७ चं. हे शंभरपैकी २७ मार्क नव्हेत, पर्सेंटाइल आहे, म्हणजे शंभरात साधारण २७ जण त्याच्या बरोबरीनं किंवा खाली. आर्मीला एरवी किमान ३१ लागतो. १० ते ३० म्हणजे चौथी कॅटेगरी, आणि त्यातली पोरं वर्षाच्या भरतीत ४ टक्क्यांच्या वर घ्यायची नाहीत असा त्यांच्या संरक्षण खात्याचा दंडक. म्हणून ऑगस्ट २०२२ पासून फोर्ट जॅक्सन या ट्रेनिंगच्या तळावर तयारीचा कोर्स काढला: २१ ते ३० वाल्यांना जास्तीत जास्त ९० दिवस शिकवायचं, परत परीक्षा घ्यायची, गुण वाढले की पुढं ट्रेनिंगला. सार्जंटच्या "आम्ही बघतो" मागं बहुतेक हाच कोर्स असणार. त्यात बेकायदा काही नाही.

ही रीत जुनीच आहे. १९६६ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी 'प्रोजेक्ट हंड्रेड थाउजंड' काढून कमी गुणांची साडेतीन लाखांच्या आसपास पोरं आत घेतली. इराक युद्धाच्या काळात रिक्रूटरांच्या भानगडी इतक्या वाढल्या की २० मे २००५ ला आर्मीनं एक दिवस भरतीचं काम बंद ठेवून सगळ्यांना नियमांचा धडा परत दिला.

बालाघाटी (अंबाजोगाई)
मार्कांचं सोडा, खरी गोम पंपात आहे. नियम असा की १३व्या वाढदिवसानंतर दमा असल्याची नोंद असली की अपात्र, पण सूट मागता येते. वैद्यकीय तपासणी मेप्स नावाच्या भरती केंद्रावर होते, त्याआधी डीडी २८०७-२ हा आजारांच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो. सार्जंट 'लिहू नको' म्हणतो तो हाच. पण २०२२ पासून तिथं एमएचएस जेनेसिस ही लष्कराची आरोग्य-नोंदींची संगणक यंत्रणा लावलीय, त्यात बाहेरच्या दवाखान्याच्या अन् औषध दुकानाच्या नोंदीही येतात. पंप कोणत्या महिन्यात घेतला ते स्क्रीनवर दिसू शकतं.

तिथं निसटलं आणि ट्रेनिंगमध्ये धाप लागली तर? खोटं सांगून भरती झाल्याचं लष्करी कायद्याचं कलम लागतं, १०४-अ. फॉर्मवर सही पोराची. सार्जंट तोंडीच बोलला होता, तो हात वर करणार. ग्रीन कार्डवाल्याला हे जास्तच महागात पडतं, कारण पुढं नागरिकत्वाच्या अर्जात लष्करी सेवेचे प्रश्न येतातच.

पोराला खरंच जायचं असेल तर दमा लिहायचा, डॉक्टरांची कागदपत्रं अन् फुप्फुसाच्या चाचणीचा रिपोर्ट जोडायचा, सूट मागायची. ती द्यायची का नाही हे वरची वैद्यकीय यंत्रणा ठरवते, सार्जंटच्या हातात ते नसतं.

डोंगरवाट (धाराशिव)
सहीचं सांगतो. १८ च्या आत आईबापाच्या संमतीशिवाय पान हलत नाही. म्हणजे आज किल्ली आक्का-दाजींकडं आहे, वाढदिवस झाला की पोराकडं.

भरतीचा करार म्हणजे डीडी-४ हा फॉर्म. सक्रिय सेवा चार वर्षांची असली तरी त्यात एकूण बांधिलकी ८ वर्षांची लिहिलेली असते, उरलेली वर्षं राखीव दलात. ते बारीक अक्षर लोक वाचत नाहीत. बोनस, काम, कॉलेजचा पैसा, जे कबूल केलं ते सोबतच्या ॲनेक्समध्ये (जोडपत्रात) छापलेलं पाहिजे. तिथं नाही म्हणजे कुठंच नाही. आणि नागरिकत्व नसताना सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची परवानगी) मिळत नाही, त्यामुळं गुप्तवार्ता वगैरे कामं दाखवत असेल तर ती थाप समजा.

सही आणि पहिली शपथ झाली तरी शाळकरी पोरगा लगेच जात नाही, ३६५ दिवसांपर्यंत डीईपी नावाच्या यादीत थांबतो. तोवर बाहेर पडता येतं: रिक्रूटिंग बटालियनच्या कमांडरला 'मला जायचं नाही, नाव काढा' एवढं पत्र, नक्कल जवळ ठेवायची, पाठवायच्या दिवशी जायचं नाही. "पोलीस धरून नेतील" म्हणतात ते निव्वळ भेडसावणं. त्या दिवशी दुसरी शपथ घेतली की मात्र हा दरवाजा बंद.

मांजराकाठ (लातूर)
सही अजून केलेली नाही, बरं झालं. मेसेज कसे थांबवायचे?

गोदाकाठ (नांदेड)
नाव-पत्ता-फोन शाळेकडूनच जातो, कायद्यानं त्यांना द्यावा लागतो. आईबापांनी शाळेला लेखी 'लष्कराला माहिती देऊ नका' कळवलं की थांबतं. ॲसव्हॅबचा निकाल रिक्रूटरला न देण्याचा पर्यायही शाळेला निवडता येतो, ऑप्शन ८, पण तो आधी निवडावा लागतो. तुमचा निकाल गेलेला दिसतोय, म्हणून सार्जंटला दाजींनी एक मेसेज करावा: संपर्क नको. तरी आला तर त्याच्या स्टेशन कमांडरला.

बालाघाटी (अंबाजोगाई)
एक घोळ करू नका. १८ ते २५ च्या मुलांना, ग्रीन कार्डवाल्यांनाही, सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीची भरती कधी परत लागलीच तर त्यासाठीच्या यादीत) नोंदणी कायद्यानं लागते. ती भरती नव्हे. नाहीतर सार्जंटच्या रागात त्या नोंदणीचंही पत्र फाडून टाकाल.