छोट्या एफ वन गाडीला मागचा पंख तिरका ठेवू की सपाट? टीममध्ये भांडण लागलंय

रेघोट्या:
नमस्कार सगळ्यांना. आमची टीम स्टेम रेसिंगमध्ये उतरतेय, शाळेतल्या मुलांची छोट्या गाड्यांची स्पर्धा, आधी एफ वन इन स्कूल्स म्हणायचे ना तेच. 1:20 मापाची गाडी, मागे गाडी ढकलायला 8 ग्रॅमचं सीओटू कार्ट्रिज (दाबाने भरलेल्या गॅसची छोटी नळकांडी) आणि 20 मीटरचा सरळ ट्रॅक. डिझाईन माझ्याकडे आहे. भांडण असं की आमचा टीम मॅनेजर म्हणतो मागचा पंख खऱ्या एफ वनसारखा चांगला तिरका दे, गाडी ट्रॅकला चिकटून राहील, उडणार नाही. मला वाटतं त्याने गाडी मंदावेल, पण त्याला पटवायला माझ्याकडे काही नाही, फ्यूजन या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल झालंय पण हवेचं सिम्युलेशन अजून जमत नाहीये. कोण बरोबर? आणि पंखांवर एवढा वेळ घालवायचा की दुसरं काही जास्त महत्त्वाचं आहे? लवकरच गाडीचा ब्लॉक सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, चढणार, एकदा कापला की कापला.

मेकॅनिकलवाला:
तू बरोबर आहेस, मॅनेजरला हे वाचायला दे. खऱ्या एफ वनमध्ये इंजिनची ताकद टायरमधून रस्त्यावर उतरते आणि वळणावर टायर घसरून चालत नाही, म्हणून हवेचा जोर वापरून गाडी खाली दाबतात आणि त्यापायी ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, सोसतात. तुमच्या गाडीत चाकांना ताकद जातेच कुठे? ढकलतो तो गॅस, चाकं नुसती फिरतात. वळण नाही, सरळ ठेवायला खाली दोरी आहे. मग गाडी दाबून मिळवणार काय, उलट बेअरिंगवरचा भार वाढेल आणि ड्रॅग वर फुकट. पंख नियमात आहेत म्हणून लावायचे, पण पातळ, हवेला समांतर, आणि रूलबुकात जेवढं किमान माप असेल त्याला चिकटून.

उडण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही हं. कार्ट्रिजचा जोर गाडीच्या गुरुत्वमध्याच्या खालून लागला तर नाक वर उचलतं, वरून लागला तर नाक खाली दबतं. त्यावर इलाज वजन कुठे बसवलंय त्यात आहे, पंखात नाही. कार्ट्रिजची उंची नियमाने बांधलेली असते, तेवढ्या फटीत काय हलवता येतं ते बघ.

अजून एक, गॅस सुरुवातीलाच जोर करून संपत जातो, नंतर गाडी मिळालेल्या वेगावर धावते, आणि तेव्हा तिला अडवायला दोनच गोष्टी उरतात, हवा आणि घर्षण. सव्वा सेकंदाच्या आत 20 मीटर म्हणजे सरासरीच ताशी 57 किमीच्या वर, एवढ्याशा गाडीला हवा चांगलीच जाणवते.

पिट_लेनवाली:
मी शाळेत असताना याच स्पर्धेत मॅन्युफॅक्चरिंग बघायचे म्हणून सांगते, दादांचं बरोबर आहे पण माझा नंबर एक चाकांना. पंखावर सगळे तासन्तास भांडतात कारण तो दिसतो, आणि दोन्ही अ‍ॅक्सल (चाकं ज्यावर बसतात ते दांडे) एकमेकांना समांतर आहेत का हे कोणी बघतच नाही. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं एक चाक तिरकं असलं की ट्रॉली कशी एका बाजूला ओढते, तेच इथे होतं, फक्त इथे गाडी दोरीला घासत जाते आणि वेळ तिथे जातो. काचेवर गाडी ठेवून हलकेच ढकल, सरळ जाते का बघ. दोरी ज्या कड्यांतून जाते त्या दोन्ही एका रेषेत आणि आतून गुळगुळीत हव्यात, 3डी प्रिंटची खरखर राहिली तर बारीक पॉलिश पेपर मारायचा.

बेअरिंग नवीन आल्या आल्या त्यात घट्ट ग्रीस असतं, ते मोठ्या माणसाला सोबत घेऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवून टाका, बोटाने फिरवलं तरी फरक कळतो. चाकं शक्य तेवढी हलकी, कारण ती पुढेही न्यायची असतात आणि फिरवायचीही.

आणि रंग!! प्रायमर, पुटी, रंग, वर लॅकर, प्रत्येक थराला गाडी काट्यावर ठेवा. किमान वजन पन्नासेक ग्रॅमच्या आसपास असतं (नक्की आकडा त्या वर्षीच्या रूलबुकात बघ, बदलतो), त्यात दोन-तीन ग्रॅम रंगातच गेले तर रडू येतं. कमी भरलं तर पेनल्टी, म्हणून अगदी काठावर नको, किंचित वर ठेवा.

फळ्यासमोरचे_सर:
मी टीम्सना मार्गदर्शन करतो. वरचं सगळं ठीक, बेअरिंगबद्दल थोडा मतभेद, ते धुण्यापेक्षा चाक अ‍ॅक्सलवर डगमगतंय का हे आधी बघा. पण रेघोट्या, भांडण तोंडी मिटवूच नकोस गं. एकाच गाडीला दोन पंख प्रिंट करा, एक तिरका एक सपाट, आळीपाळीने पळवा. आधी सगळे तिरक्याचे रन आणि मग सगळे सपाटचे असं नको, कारण कार्ट्रिज सगळी सारखी नसतात आणि तापमानानेही फरक पडतो, 20 अंशांना आतला दाब साधारण 57 बार असतो, खोली तापली की वाढतो. (म्हणून कार्ट्रिज कोमट करायची आयडिया कोणी काढली तर सरळ नाही म्हणा, तो खेळ धोक्याचा आहे.) त्या रनचा तक्ता पोर्टफोलिओत जाऊ दे. गुण फक्त शर्यतीला नसतात, इंजिनिअरिंग, पोर्टफोलिओ, तोंडी प्रेझेंटेशन, पिट डिस्प्ले सगळं मोजतात, आणि परीक्षक हमखास विचारतात हा पंख असा का. तिथे तक्ता काढून दाखवला की काम झालं.

दुसरं म्हणजे गाडी सोडायचं बटण कोण दाबणार ते आत्ताच ठरवा. सुरुवातीच्या गेटचे दिवे विझले की हात चालला पाहिजे. माणसाची प्रतिक्रिया साधारण 0.2 सेकंद, त्यात एकाचा 0.18 आणि दुसऱ्याचा 0.25 आला तर तो फरक भरून काढायला पंखाला जन्म जाईल. सगळ्यांची चाचणी घ्या, मॅनेजरच दाबणार असा हट्ट नको.

रेघोट्या:
थँक्यू सगळ्यांना!! मॅनेजरला दाखवलं, तो म्हणतो तक्ता आला की बघू, म्हणजे अर्धा मानलाय 😄 पण बटण तोच दाबणार म्हणतोय. सर, पंख बदलता येईल असा स्क्रूने बसवला तर वजन वाढेल ना?

फळ्यासमोरचे_सर:
चाचणीच्या गाडीला वाढू दे, दोन्ही पंखांना तेच वजन ठेवलं की झालं. शर्यतीच्या गाडीला चिकटवा. बटणाची चाचणी मात्र मॅनेजरचीही घ्या, त्याला न सांगता नाही, सांगूनच.