अनुभव धागा : समुद्र नसलेल्या मुलखातील चक्रीवादळाचे दिवस

बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी आली की आपल्या गावातील पारावर 'ते तिकडे आंध्रात' असे म्हणून विषय संपतो. नागपूरपासून विशाखापट्टणम सरळ रेषेतही साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. वादळ जमिनीवर चढले की समुद्राच्या वाफेचा पुरवठा तुटतो आणि वाऱ्याचा जोर ओसरतो. पाऊस मात्र त्याच्यासोबत आत येत राहतो. आपल्याकडील समुद्रांत ही वादळे मुख्यतः एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात, आणि यातील दुसरा काळ म्हणजे नेमके आपले सोंगणीचे, वेचणीचे आणि धान कापणीचे दिवस. ज्यांनी हे सोसले त्यांनी येथे लिहावे. नोकरीनिमित्त किनाऱ्यावर राहून आलेल्यांनीही लिहावे. वर्ष आणि त्या वेळी पीक कोणत्या अवस्थेत होते, एवढे अवश्य नोंदवावे.

आरंभ मीच करतो. माझे शेत यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात आहे. 'गुलाब' वादळ 26 सप्टेंबर 2021 रोजी संध्याकाळी कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा आमचे सोयाबीन सोंगणीला आले होते आणि मजूर दुसऱ्या दिवसापासून यायचे ठरले होते. मजूर आले नाहीत, पाऊस आला. 28 तारखेला दहागावच्या नाल्यावर पुरात एसटी बस वाहून गेली व माणसे दगावली, ते वृत्त राज्यभर पोहोचले. आमच्या उभ्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, ते अर्थातच कोठे छापून आले नाही. तेच वादळ पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले आणि 'शाहीन' या नावाने ओमानला गेले. आमच्या वावरावरून गेलेले पाणी ओमानात कोणत्या नावाने पडले, याची गंमत वाटण्याइतका निवांतपणा मला पुढच्या वर्षी मिळाला.

भंडारा जिल्हा, धान उत्पादक महिला

आमच्याकडे धान कापल्यावर कडपा (कापलेल्या धानाच्या पसरलेल्या मुठी) तीन-चार दिवस बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, वाळू देतात, नंतर भारे बांधून पुंजणे (भाऱ्यांचे ढीग) रचतात. डिसेंबर 2023 मध्ये 'मिचाँग' 5 तारखेला बापटलाजवळ धडकले, त्या दिवशी आमच्या दोन एकरांच्या कडपा जमिनीवर होत्या. आमच्याकडे वारा असा नव्हताच. नुसते काळवंडलेले आभाळ आणि थांबून थांबून पडणारा पाऊस. पुंजणे ताडपत्रीने झाकता येतात, पसरलेल्या कडपा झाकता येत नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी पाऊस होऊन गेला होता म्हणून आम्ही कापणी मुद्दाम लांबवली होती, आणि त्या शहाणपणानेच घात केला.

त्या वर्षी एक रुपयात पीक विमा होता. कापून पसरलेल्या पिकाला कापणीपासून 14 दिवसांपर्यंत संरक्षण होते, परंतु नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागे. आम्ही ते तास बांधीतले पाणी काढण्यात आणि कडपा उलटवण्यात घालवले. चौथ्या दिवशी फोन लावला, तर मुदत संपली असे सांगण्यात आले. खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, म्हणून काळा पडलेला दाणा आठवडाभर अंगणात वाळवला आणि शेवटी व्यापाऱ्याला त्याच्या भावाने दिला. आता चेन्नईत पाऊस असल्याचे ऐकले की मी आधी बांधीकडे जाते.

अकोला जिल्हा

कोणाला आवडो न आवडो, त्याच पावसाने माझ्या हरभऱ्याचे एक ओलित (पाण्याची एक पाळी) वाचवले. शेजाऱ्याच्या तुरीचा फुलोरा मात्र गळाला, त्यामुळे ही गोष्ट मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही.

अमरावती जिल्हा, संत्रा बागायतदार

वरील अनुभव खरेच आहेत, तरीही प्रत्येक अवकाळी पाऊस चक्रीवादळाच्या खात्यात टाकू नये, असे मला वाटते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने आमचा भाग झोडपला, तो चक्रीवादळाचा काळच नव्हता. दोन्हींची तयारी वेगळी असते. वादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, गार मात्र एका दुपारी पडून मोकळी होते.

वाशीम जिल्हा, शिक्षक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नऊ वर्षे श्रीवर्धन तालुक्यात होतो. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ त्याच किनारपट्टीला, अलिबागच्या दक्षिणेला, लागले. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती आणि मला गावी जाता आले नव्हते. आदल्या संध्याकाळी घरमालक काकांनी तयार नारळ उतरवून घेतले, पडवीचे पत्रे दोराने आवळले, पिण्याचे पाणी भरले आणि मला माझ्या खोलीतून मधल्या घरात झोपायला बोलावले. आमच्याकडील वावधन, म्हणजे वावटळीचा सोसाट्याचा वारा, मी लहानपणापासून पाहिले आहे. ते अर्ध्या तासात दमते. हे दुपारभर दमले नाही. कौले उडू लागली तेव्हा आवाज ओळखता येत होता, पण सुपारीची झाडे मधूनच मोडू लागल्यावर काका कानावर हात ठेवून बसले.

वीज कित्येक दिवस आली नाही. चौथ्या दिवशी म्हसळ्याकडच्या एका चढावर रेंज मिळाली, तेव्हा आईने विचारले, "पत्रे हायेत ना रे घरावर?" तिला वादळ तेवढेच ठाऊक होते. मीही काकांना समजूत घालताना म्हणालो की पुढच्या हंगामात भरून निघेल. ते काहीच बोलले नाहीत. बुडालेले सोयाबीन पुढच्या मृगात पुन्हा पेरता येते. सुपारीला फळ धरायलाच पाच-सहा वर्षे लागतात, हे मला त्यांच्या सुनेने नंतर सांगितले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

बदली होऊन मी आता गावी आलो आहे. जून लागला की मी काकांना फोन करतो. दिवाळीच्या सुमारास मात्र, उपसागरात काही घडत असल्याची बातमी दिसली, की त्यांचाच फोन येतो : "गुरुजी, सोयाबीन घरात आलं का?"