३६२ वी जर्मन पायदळ डिव्हिजन: आन्झिओ ते सेनिओ

प्रश्न (दादर):
माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून इटलीत लढले. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या ८ व्या भारतीय डिव्हिजनसमोर जर्मनांची ३६२ वी पायदळ डिव्हिजन होती, असे वाचनात आले. परंतु ती मे १९४४ मध्येच रोमच्या दक्षिणेस मोडली होती ना? मग सेनिओवर नेमके कोण होते?

उत्तर (मुलुंड):
दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. ही डिव्हिजन १९४३ च्या अखेरीस उत्तर इटलीत, रशियाच्या आघाडीवर झिजलेल्या २६८ व्या डिव्हिजनचे अवशेष घेऊन उभी राहिली आणि जनरल हाइन्झ ग्राइनर यांच्या हाताखाली आन्झिओच्या वेढ्यात, म्हणजे रोमच्या दक्षिणेस किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याला घेरण्यात, उतरली. २३ मे १९४४ रोजी अमेरिकनांनी आन्झिओजवळच्या चिस्टेर्ना गावावर हल्ला चढवला, तेव्हा मुख्य घाव तिच्यावरच बसला. आठवड्याभरात, माँते आर्तेमिझिओच्या डोंगरावर ती आणि शेजारची हेर्मान ग्योरिंग डिव्हिजन यांच्यामध्ये पुरेसा पहारा नसलेली फट राहिली, तिच्यातून अमेरिकनांची ३६ वी डिव्हिजन रात्री वर चढली आणि ४ जूनला रोम पडले. अशा डिव्हिजनचा क्रमांक जर्मन सैन्य सहसा रद्द करीत नसे; अधिकारी व उरलेले जवान यांच्याभोवती नवी भरती आणि मोडलेल्या तुकड्यांतील सैनिक जमवून तीच डिव्हिजन पुन्हा आघाडीवर पाठवली जाई. सेनिओवर होती ती अशीच पुन्हा उभारलेली ३६२ वी; म्हणून डिव्हिजनचा इतिहास वाचताना क्रमांकाबरोबर महिनाही पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर (गिरगाव):
वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो. सैनिक बदलले असले, तरी सेनिओचा मोर्चा दुबळा नव्हता. नदीच्या दोन्ही काठांवरील उंच पूरबांधांत जर्मनांनी खंदक आणि मशीनगनची ठाणी खोदली होती, शिवाय सुरुंग पेरले होते. त्यामुळे प्रथम विमानांचा व तोफांचा प्रचंड मारा झाला, ज्वालाफेकी यंत्रे वापरली गेली आणि त्यानंतरच पायदळ पाण्यात उतरले. आपल्या आजोबांच्याच बटालियनचे नामदेव जाधव यांनी तेथे दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणले, मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरचा शत्रू उरलासुरला होता, असे समजून त्या दिवसाचे मोल कमी लेखू नये.

प्रश्नकर्ता (दादर):
आपणा दोघांचा आभारी आहे. आता १९४४ च्या उन्हाळ्यातील पुनर्बांधणीपासून वाचायला घेतो.